तोटा कुणाच्या पदरात पडतो? निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांची भागीदारी तपासताना

प्रश्न नागपूरच्या एका तरुण कार्यकर्तीचा आहे. थोडक्यात असा: "मी बांगलादेशात कॉक्स बाजारला एका आंतरराष्ट्रीय संस्थेत भागीदारी अधिकारी म्हणून रुजू झाले आहे. इथल्या उखिया आणि टेकनाफ तालुक्यांतल्या तीन स्थानिक संस्था आमच्या निधीवर रोहिंग्या छावण्यांत काम करतात. ही भागीदारी कितपत समन्यायी आहे ते तपासायला आम्ही नोव्हेंबरमध्ये 40 प्रश्नांचा फॉर्म पाठवला. तिघांनीही जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला 5 पैकी 4 गुण दिले. पण बैठकीत त्यांची माणसं खाली मान घालून बसतात. खरं काय ते कसं कळेल? आणि कळल्यावर सुधारणा कुठून सुरू करायची?"

तुमची शंका बरोबर आहे. 4 हा सुरक्षित आकडा आहे. 5 दिले तर खुशामत वाटते, 3 दिले तर "का?" म्हणून बोलावणं येतं. त्यात फॉर्म गेला नोव्हेंबरमध्ये. बहुतेक करार डिसेंबरअखेर संपतात आणि पुढच्या वर्षी कुणाला किती काम मिळणार हे त्याच सुमारास ठरत असतं. ज्याच्या सहीवर आपल्या पन्नास माणसांचा पगार अवलंबून आहे त्याला गुण द्यायचे, तेही त्याच महिन्यात. तुम्ही किंवा मी त्यांच्या जागी असतो तर आपणही 4 च दिले असते.

मी स्वतः ही चूक केली आहे. 2019 मध्ये अशाच एका पाहणीची जबाबदारी माझ्याकडे होती. फॉर्म चांगला होता, उत्तरं चांगली आली, अहवालात मी "परस्पर विश्वास उत्तम" असं लिहिलं. काही महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी उखियातल्या एका छोट्या संस्थेच्या कार्यालयात बसलो होतो. त्यांच्या हिशेबनिसाने कसलीशी पावती शोधताना एक जाड वही काढली. त्यात जानेवारी-फेब्रुवारीची पानं 'उसने' या मथळ्याखाली भरलेली होती. संचालकांच्या भावाच्या दुकानातून घेतलेले, एका शिक्षिकेने आपल्या बचतीतून दिलेले, गाडीवाल्याचे थकवलेले. करार 1 जानेवारीपासून लागू होता, आमचा पहिला हप्ता पोचला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. सात आठवडे त्या संस्थेने आमचा प्रकल्प उसनवारीवर चालवला होता. मी विचारलं, "फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?" तो म्हणाला, "फॉर्ममध्ये पैसे वेळेवर मिळतात का असा प्रश्न होता. मिळाले की. उशिराने मिळाले, पण मिळाले."

त्या वहीने मला जे शिकवलं तेच या उत्तरात सांगायचं आहे. भागीदारी समन्यायी आहे की नाही हे चांगल्या दिवसांत दिसत नाही. काहीतरी बिघडतं, उशीर होतो, पैसे अडतात, एखादा माणूस जखमी होतो, तेव्हा तोटा कुणाच्या पदरात पडतो ते पाहा. तो दर वेळी एकाच बाजूला पडत असेल तर दुसऱ्या बाजूचं नाव करारात 'भागीदार' असलं तरी ती कंत्राटदार आहे.

तत्त्वांची आपल्या क्षेत्रात वाण नाही. 2007 मध्येच भागीदारीची पाच तत्त्वं मान्य झाली: समानता, पारदर्शकता, परिणामाभिमुखता, जबाबदारी आणि परस्परपूरकता. 2016 च्या मे महिन्यात इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत 'ग्रँड बार्गेन' नावाचा समझोता झाला. मदतनिधीचा किमान 25 टक्के वाटा 2020 पर्यंत स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे शक्य तितक्या थेट पोचेल, असं त्यात मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कबूल केलं. मुदत टळली. जगभरात थेट पोचणारा वाटा पाच टक्क्यांच्याही आतच रेंगाळला. शब्द चुकीचे नव्हते. पण करार, बजेट आणि हप्त्यांच्या तारखा यांवर त्या शब्दांचा परिणाम किती झाला, हे त्या त्या संस्थेत पाहावं लागतं. तुम्ही ते तुमच्या तीन संस्थांपुरतं तपासू शकता.

फॉर्म बाजूला ठेवा आणि कागद काढा. प्रत्येक संस्थेबरोबरचे शेवटचे दोन-तीन करार घ्या आणि एका मोठ्या कागदावर तारखा मांडा. प्रस्तावाचा पहिला मसुदा कुणी लिहिला आणि स्थानिक संस्थेला तो वाचायला किती दिवस मिळाले? सही कधी झाली? काम कधी सुरू झालं? पहिला हप्ता त्यांच्या बँकेत कधी जमा झाला? दुसरा हप्ता अहवालानंतर किती दिवसांनी गेला? बांगलादेशात यात आणखी एक टप्पा असतो, तो विसरू नका. परदेशी देणगी वापरायची तर ढाक्याच्या एनजीओ अफेअर्स ब्यूरोची मंजुरी लागते, तातडीच्या मदतकार्यासाठी एफडी-7 नावाचा अर्ज असतो. मग कॉक्स बाजारला जिल्हा प्रशासन, निर्वासित मदत व प्रत्यावर्तन आयुक्तांचं कार्यालय, आणि शेवटी त्या त्या छावणीचे कॅम्प-इन-चार्ज. ही साखळी तुमच्या हातात नाही. पण ती किती वेळ घेते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तो वेळ तुमच्या वेळापत्रकात धरलेला आहे की नाही, आणि त्या मधल्या काळात माणसांचे पगार कोण देतं, हे मात्र पूर्णपणे तुमच्या संस्थेच्या हातात आहे. तुमच्या कार्यालयातले पगार मंजुरी येईपर्यंत थांबतात का? थांबत नसतील तर त्यांचे का थांबावेत?

नंतर बजेट. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण अन्याय सगळ्यात जास्त याच ओळींत असतो आणि सगळ्यात कमी बोलला जातो. समजा 1 कोटी टकांचा प्रकल्प आहे आणि देणगीदाराने त्यावर 7 टक्के अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे कुठल्याही एका कामाच्या नावावर न पडणारा संस्था चालवण्याचा खर्च, दिला आहे, म्हणजे 7 लाख. कामाचा 80 लाखांचा भाग स्थानिक संस्था करते. कामाच्या प्रमाणात वाटणी केली तर तिच्याकडे 5 लाख 60 हजार जायला हवेत, तुमच्याकडे 1 लाख 40 हजार राहायला हवेत. प्रत्यक्षात मी अनेकदा पाहिलं की ते 7 लाख पूर्ण वरच राहतात आणि स्थानिक संस्थेला सांगितलं जातं, "तुमच्या बजेटमध्ये फक्त प्रत्यक्ष खर्च दाखवा." मग त्यांच्या कार्यालयाचं भाडं, पावसाळ्यात गळणारं छप्पर, दोन प्रकल्पांच्या मधल्या महिन्यातला लेखापालाचा पगार, स्वतःच्या ऑडिटची फी, हे कुठून यायचं? ते येतं कर्मचाऱ्यांच्या पगारातून, किंवा त्या 'उसने' पानांतून. आणि पुढच्या वर्षी आपणच लिहितो की 'संस्थेची वित्तीय क्षमता कमकुवत आहे'. संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मोठ्या मदतसंस्थांच्या आंतरसंस्था स्थायी समितीने 2022 मध्येच स्थानिक भागीदारांना अप्रत्यक्ष खर्च देण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. वरिष्ठांशी बोलताना त्या सोबत ठेवा. "मला वाटतं" पेक्षा त्याचा उपयोग होतो.

बजेट पाहतानाच पगाराच्या ओळी शेजारी शेजारी ठेवा. एकच काम, एकच छावणी, एकच चिखल, तुमच्या क्षेत्र-अधिकाऱ्याला किती आणि त्यांच्या क्षेत्र-अधिकाऱ्याला किती? 2017 च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या काही महिन्यांत म्यानमारमधून सीमा ओलांडून आले, आंतरराष्ट्रीय संस्था धडाधड उभ्या राहिल्या आणि त्यांनी अनुभवी माणसं घेतली ती बहुतांशी स्थानिक संस्थांमधूनच. ती जखम तिथे अजून ओली आहे. तुमच्यासमोर कुणी काढणार नाही, पण तुमच्या संस्थेने मागच्या तीन वर्षांत भागीदार संस्थांची किती माणसं घेतली ते मनुष्यबळ विभागाला विचारा.

आता करारातली बारीक अक्षरं. दोन कलमं शोधा. एक, नामंजूर खर्चाचं. ऑडिटमध्ये एखादा खर्च नाकारला गेला तर तो कोण भरतं? खर्च तुमच्या अधिकाऱ्याच्या ईमेलवरच्या सूचनेवरून झाला असला तरी? दोन, करार संपवण्याचं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि मोजके अपवाद सोडता काम ताबडतोब थांबवण्याचे आदेश आले, तेव्हा या कलमाची किंमत सगळ्यांनाच कळली. वरच्या संस्थेचा करार थांबला, तिने खालच्या संस्थेचा थांबवला, खालच्या संस्थेने शिक्षिकेला घरी पाठवलं. पण नोटिशीच्या काळातला पगार, भाड्याचा करार, अर्धवट बांधलेली शौचालयं? कुठे कुठे वरच्या संस्थांनी आपल्या राखीव निधीतून महिना-दोन महिने सांभाळून घेतलं. कुठे "आमचाही करार तसाच आहे" एवढं एक पत्र गेलं. तुमच्या संस्थेने तेव्हा काय केलं ते शोधून काढा. 40 प्रश्नांपेक्षा हे एक उत्तर जास्त सांगेल.

तोटा केवळ पैशांचा नसतो. एप्रिल 2020 मध्ये कोविडमुळे छावण्यांतलं काम अत्यावश्यक सेवांपुरतं आणलं गेलं. बाहेरची माणसं मोठ्या प्रमाणात मागे घेतली गेली आणि काम चाललं ते स्थानिक कर्मचारी आणि रोहिंग्या स्वयंसेवक यांच्यावर. 22 मार्च 2021 ला बालुखाली छावणीच्या बाजूला लागलेल्या आगीत सुमारे 45,000 लोकांची घरं गेली, तेव्हा बादल्या घेऊन सगळ्यात आधी धावले ते तिथेच राहणारे निर्वासित. अशा वेळी विमा कुणाचा होता? तुमच्या माणसाला वैद्यकीय हलवाहलवीची सोय आणि त्यांच्या माणसाला टमटम, असा फरक करारात असेल तर तो लिहून काढा. जोखीम खाली सरकवायची आणि निर्णय वर ठेवायचे, हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना असमतोल आहे.

निर्णयांचं विचाराल तर मी एकच गोष्ट मोजतो: "गेल्या वर्षात स्थानिक संस्थेने 'हे असं नको' म्हटलं आणि त्यामुळे काही बदललं, अशी किती उदाहरणं आहेत?" बैठकांची इतिवृत्तं वाचा. एकही सापडलं नाही तर दोनच शक्यता उरतात, एकतर तुमची संस्था कधीच चुकत नाही, किंवा त्यांनी सांगणं सोडून दिलं आहे. पहिली शक्यता मी अजून पाहिलेली नाही. बैठकीची भाषाही तपासा. उखियातला माणूस चाटगावी बोलतो, ती रोहिंग्यांच्या बोलीला इतकी जवळची आहे की छावणीतल्या आईचं दुखणं त्याला दुभाष्याशिवाय बऱ्यापैकी समजतं. त्या प्रदेशातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य हेच. आणि आपण त्याला इंग्रजीत चालणाऱ्या बैठकीत बसवतो, लॉगफ्रेमवर, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि निकष मांडणाऱ्या तक्त्यावर, मत विचारतो आणि तो गप्प राहिला की 'क्षमताबांधणीची गरज' असं नोंदवतो. एक बैठक बांगलात घ्या, तुम्ही दुभाष्या घेऊन बसा. खाली झुकलेल्या माना किती वर येतात ते पाहा.

कागद झाले की माणसांशी बोला, पण तुम्ही स्वतः नको. पुढच्या करारावर ज्याचा काही अधिकार नाही अशा बाहेरच्या व्यक्तीला पाठवा. करारांवर सह्या होऊन महिना-दोन महिने झाले की पाठवा. फक्त संचालकांना भेटून परत येऊ नये. हिशेबनीस, क्षेत्र-पर्यवेक्षक, साठवणघर सांभाळणारा, यांना भेटावं. गुण मागू नयेत, प्रसंग विचारावेत: "शेवटचं कधी पैसे उशिरा आले? तेव्हा काय केलंत?" आणि निघालेले निष्कर्ष आधी त्यांच्यासमोर मांडा, नंतर तुमच्या मुख्यालयाकडे पाठवा. बहुतेक पाहण्यांत नेमकं उलटं होतं. लोक मनापासून बोलतात, अहवाल जिनिव्हा-लंडनला जातो आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना वर्षभर काही कळत नाही. दुसऱ्या वेळी ते पुन्हा 4 गुण देतात.

एक कठीण गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्या तीन स्थानिक संस्था म्हणजे निर्वासित नव्हेत. त्या यजमान समाजाच्या आहेत. उखिया-टेकनाफमध्ये आज स्थानिकांपेक्षा निर्वासित जास्त आहेत. जंगल गेलं, मजुरीचे दर पडले, रस्ते फुटले, हा राग तिथे खरा आहे आणि स्थानिक संस्था त्याच समाजात राहतात. त्यामुळे तुमची आणि त्यांची भागीदारी उत्तम झाली तरी रोहिंग्या माणूस त्या टेबलाशी असेलच असं नाही. त्यांना तिथे रीतसर काम करण्याची परवानगी नाही. त्यांच्या गटांना संस्था म्हणून नोंदणी करता येत नाही, त्यामुळे संस्थेच्या नावाचं बँक खातं नाही आणि करारावर सही करण्याची सोयही नाही. 'माझी' म्हणून नेमलेले पुढारी असतात, पण ते प्रशासनाच्या रचनेतून आलेले. आणि स्वतः पुढे येणं जिवावरही बेतू शकतं. रोहिंग्यांचे नेते मोहिबुल्ला यांची 29 सप्टेंबर 2021 ला कुतुपालोंग छावणीत गोळ्या घालून हत्या झाली. म्हणून "निर्वासितांचं नेतृत्व हवं" असं लिहून त्यांची नावं आणि फोटो अहवालात छापू नका. त्याऐवजी करारात एवढं घाला की रोहिंग्या स्वयंसेवकांचे आणि विशेषतः बायकांचे गट कामाच्या आराखड्यात बदल सुचवतील, त्यासाठी थोडा निधी त्यांच्या निर्णयाने खर्च होईल, आणि आलेल्या प्रत्येक सूचनेचं काय झालं ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं जाईल.

मला यावरून नेहमी कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतांश बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, बालवीर पथकं त्यांनी स्वतः चालवली. छावणी परक्या सरकारच्या छत्राखाली होती, पण रोजच्या जगण्याचे निर्णय बरेचसे त्यांच्या हातात होते. अर्थात त्यांच्यामागे निर्वासित का होईना, पोलिश सरकार होतं. रोहिंग्यांमागे कुणी नाही. तरीही निर्वासित म्हणजे केवळ मदत घेणारा माणूस, ही समजूत आपल्याच मातीत ऐंशी वर्षांपूर्वी खोटी ठरली आहे.

स्थानिक संस्थांचेही दोष असतात. संस्थापकाचं घराणं मंडळावर, बायकांना नेतृत्वात जागा नाही, क्षेत्रावरच्या पोरांना वेतनचिठ्ठीत एक रक्कम आणि हातात दुसरी, हे मी पाहिलं आहे. समन्यायी भागीदारी म्हणजे याकडे डोळेझाक करणं नव्हे. जो नियम तुम्ही स्वतःला लावता तोच त्यांना लावा, आणि त्यांना तुमच्याबद्दल तेच प्रश्न विचारण्याचा अधिकार द्या. त्यांनी तुमचं मूल्यमापन करावं, तुमच्या संचालकांनी त्यावर लेखी उत्तर द्यावं. दोन्ही बाजूंनी तपासणी सुरू झाली की संस्थेच्या दोषांवर बोलणंही सोपं होतं. नुसती वरून झालेली तपासणी लोक लपवालपवीने परतवतात.

सुधारणा कुठून सुरू करायची? तुम्ही नव्या आहात, सगळं बदलायचा अधिकार तुमच्याकडे नाही. पहिल्या वर्षी तीनच गोष्टींवर जोर द्या असं मी म्हणेन. सगळ्यात आधी, सही आणि पहिला हप्ता यांच्यामधल्या काळासाठी तुमच्या संस्थेच्या निधीतून आगाऊ रक्कम. नियमांची अडचण सांगितली जाईल, तेव्हा तो तारखांचा मोठा कागद टेबलावर ठेवा. मी हेच केलं होतं. वित्त विभागाचे जे गृहस्थ दोन वर्षं "शक्य नाही" म्हणत होते ते तो कागद पाहून पंधरा मिनिटं गप्प बसले, आणि पुढच्या तिमाहीत तीस दिवसांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम देण्याची सोय झाली. दुसरं, अप्रत्यक्ष खर्चाची प्रमाणात वाटणी, प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यापासून. नंतर घुसवता येत नाही. तिसरं, करार संपवण्याच्या कलमात दोन्हीकडून सारखी मुदत आणि नोटिशीच्या काळातल्या पगाराची हमी.

बाकीचं, म्हणजे अहवालावर कुणाचं नाव आधी, फलकावर कुणाचं बोधचिन्ह मोठं, हे नंतर. तेही महत्त्वाचं असतं, लोकांच्या मनाला लागतं. पण पगार थकलेला असताना बोधचिन्ह मोठं केलं तर ते जास्तच लागतं. एकापेक्षा अधिक आंतरराष्ट्रीय संस्था त्याच स्थानिक संस्थेचं वेगवेगळं ऑडिट आणि वेगवेगळी पात्रता-तपासणी करतात, तेही एकत्र करण्यासारखं आहे. त्यासाठी कॉक्स बाजारमधल्या तुमच्यासारख्याच इतर भागीदारी अधिकाऱ्यांशी बोला. एकटीने होणार नाही.

पुढेमागे भारतात परत येऊन याच क्षेत्रात काम करायचं असेल तर एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. आपल्याकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळती करणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. त्यामुळे कॉक्स बाजारची रचना इथे तशीच्या तशी चालणार नाही. इथे छोट्या संस्थेला देशांतर्गत देणगी मिळवून देणं, दोघांनी मिळून देणगीदाराकडे वेगवेगळे अर्ज करणं, असे मार्ग शोधावे लागतात. पैसा हस्तांतरित होत नसला तरी तोट्याचा प्रश्न तसाच राहतो: काम अडलं की कुणाची माणसं घरी बसतात?

तुमच्या फॉर्मबद्दल शेवटचं. तो फेकू नका, मार्चमध्ये परत वापरा, पण 40 ऐवजी आठ-दहा प्रसंगांचे प्रश्न ठेवा. त्याआधी, उद्याच, तुमच्या वित्त विभागातल्या सहकाऱ्याकडून मागच्या दोन वर्षांतल्या सह्यांच्या आणि हप्त्यांच्या तारखा मागून घ्या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, एक दुपार पुरते. आणि जानेवारीत उखियाला गेलात की संचालकांच्या खोलीतला चहा झाल्यावर थोडा वेळ हिशेबनिसाच्या टेबलाशी बसा. वही मागू नका. नुसतं विचारा, "या महिन्याचे पगार झाले का?"